राखडीवरचं गवत

उमरेडकडच्या एका बंद कोळसा खाणीवर मी मातीचे नमुने घ्यायला जायचो. तिथली माती इतकी आंबट झाली होती की तिच्यात काहीच उगवत नव्हतं. म्हणून वीज केंद्रातली राखड आणून तिच्यात मिसळत होते. ती आणणारा एक टिप्परवाला मला रोज दिसायचा. पन्नाशीचा, भुवयांपर्यंत राखेने पांढरा. टिप्पर रिकामा झाला की तो दुपट्ट्याने तोंड पुसायचा आणि खाणीच्या काठावर जाऊन उभा राहायचा.

एकदा मी विचारलं, "काय पाहता, भाऊ?"

"आमचं वावर."

"कुठं होतं?"

त्याने खड्ड्यावरच्या मोकळ्या हवेत बोट दाखवलं. "तिथं. जमीनच खोदून नेली, त दाखवू कुठं?"

पावसाळ्यानंतर राखड मिसळलेल्या तुकड्यावर गवत उगवलं. मी आनंदाने त्याला बोलावून दाखवलं. त्याने चपला काढल्या, गवतावरून हात फिरवला आणि तिथंच बसला.

"आलं की नाही?" मी म्हणालो.

"आलं, साहेब. पण हे आता माहं थोडीच हाय? बसू द्या जरा. लय थकलो."

मागच्या टिप्परवाल्याने हॉर्न वाजवला. तो उठला नाही.