पुढच्या सीटवरची बाई

गल्लीत एक गोष्ट दोन महिने चवीनं चघळली गेली. गोष्ट अशी, की कोपऱ्यावरच्या टेलर मास्तरांनी उतारवयात एक बाई ठेवली आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला ते गाडीत आपल्या शेजारी बसवून फिरवतात, आणि लग्नाची बायको बिचारी मागच्या सीटवर बसते. बाईचं वर्णनही तयार होतं: सडपातळ बांधा, गळ्याला रुमाल, मान कायम खाली, आणि दर खेपेला नवा पोशाख. तिला बोलताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

बातमी पहिल्यांदा फुटली ती औषधाच्या दुकानातून. तिथल्या वहिनींकडे खोकल्याचं औषध घ्यायला गेलेला माणूस दोन बातम्या घेऊनच बाहेर पडतो, आणि त्यातली एक बहुतेक त्याच्याच घरची असते.

ती बाई म्हणजे मास्तरांचा कपडे चढवून बघायचा पुतळा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्हीही वहिनींच्या वाटेनं जाल.

मास्तर बासष्ट वर्षांचे, पोट सुटलेले, गळ्यात टेप. टेप लग्नकार्यातही उतरत नाही. माणसांची नावं त्यांना आठवत नाहीत, मापं आठवतात. एकदा बँकेत मॅनेजरनं सही करायला कागद पुढे सरकवला, तर यांनी आधी त्याला सांगितलं की तुमची डावी बाही अर्ध्या इंचानं लांब आहे, आणि मग सही केली. बायकांच्या कपड्यांची ट्रायल ते गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन देतात. बरोबर बायको, कारण मापं ती घेते आणि दुकानातली सगळी काजंही तीच करते. आणि बरोबर पुतळा. पूर्वी बायको पुढे बसायची, पुतळा चादर पांघरून मागे आडवा असायचा. सगळं ठीक चाललं होतं.

मग डॅशबोर्डवर दिवा लागला. लाल, बारीकसा. त्यात एक माणूस बसलेला आणि त्याच्या पोटापुढे मोठा चेंडू. मास्तरांना वाटलं, हे आपलंच चित्र आहे. पण त्यांच्या बायकोला साबणाचं वेष्टणसुद्धा वाचून मग फेकायची सवय. तिनं गाडीचं पुस्तक काढून वाचलं. हा एअरबॅगचा दिवा, तो लागून राहिला तर टक्कर झाल्यावर पिशवी उघडेल याची खात्री नाही, असं त्यात होतं. त्याच दिवशी ती मागे जाऊन बसली. माझी हाडं आता उसवून परत शिवण्यासारखी राहिलेली नाहीत, असं तिचं म्हणणं. मग तुमचं काय, असं तिनं विचारलं तेव्हा मास्तरांनी पोटावर हात फिरवला आणि आपली एअरबॅग जन्मापासून बसवलेली आहे, असं सांगितलं.

पुढची सीट रिकामी पडली. गुडघे दुखतात म्हणून बायकोनं ती आधीच पार मागे सरकवलेली होती, त्यामुळे पुतळ्याचा लोखंडी पाय तिथे छान मावला. बायको मागे, बाई पुढे. वहिनींना आणखी काय हवं होतं?

इथवर सगळी गंमतच होती. पण चार तासांच्या अंतरावर राहणाऱ्या लेकीनं रविवारी दोघांना बोलावलं होतं, नात एक वर्षाची होत होती. आणि मास्तरांच्या बायकोला मागच्या सीटवर गाडी लागते. ट्रायलसाठी वीस मिनिटं ती दात-ओठ आवळून काढते, पण चार तास शक्य नव्हते.

"दिवा विझला तर मी पुढे बसून येते," तिनं जाहीर केलं. "नाही विझला तर तुम्ही आणि तुमची बाई जा. मला फोटो पाठवा."

मास्तर हसले, पण वरवरच. चौतीस वर्षांत ते तिच्याशिवाय कुठे मुक्कामाला गेले नव्हते. आपले मोजे घरात कुठे राहतात हेही त्यांना माहीत नव्हतं. नातीला उचलून घेतल्यावर शेजारी बघायला बायकोच नसेल, तर उचलून तरी काय करायचं?

गॅरेजवाला म्हणाला, सगळी वायरिंग उघडावी लागेल, दोन आठवड्यांनी या. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी मेहुणा आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्यानं स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढा स्कॅनर खोचला आणि मोबाईलवर वाचून दाखवलं की बिघाड चालकाशेजारच्या सीटमधल्या एअरबॅगच्या वायरीत आहे, कुठेतरी जोड सैल झालाय. पिवळ्या वायरींना हात लावण्याआधी बॅटरी सोडायची आणि पाव तास थांबायचं, मीटरबिटर अजिबात टोचायचा नाही, असं त्यानं दोनदा बजावलं. स्कॅनर तिथेच ठेवून तो एका अडकलेल्या लिफ्टकडे पळाला.

शनिवारी सकाळी मास्तरांनी चावी काढली, बॅटरीची वायर सोडली, आणि दोघं पायरीवर चहा घेऊन बसले. पाव तास मोजायचा म्हणून तिनं घड्याळ मांडीवर ठेवलं होतं. तेवढ्यात फाटकाशी औषधवाल्या वहिनी उभ्या. गाडीची दारं उघडी, पुढची सीट रिकामी, हे त्यांनी एका नजरेत टिपलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आज त्या दिसत नाहीत?"

मास्तरांना ठसका लागला. बायकोनं शांतपणे घोट घेतला. "आत आहे. उभीच आहे रात्रीपासून. बस म्हटलं तरी ऐकत नाही."

"तुम्ही फार सोसता हो."

"सवय झाली. तिचे कपडेसुद्धा मीच इस्त्री करते."

वहिनींना पुढचं ऐकवेना म्हणून, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून, कुणास ठाऊक, पण त्या तरातरा निघून गेल्या. मास्तर म्हणाले, अगं, लोक मला जोड्यानं मारतील. ती म्हणाली, पाव तास झाला, उठा.

मास्तर सीटखाली वाकायला गेले आणि पोट गाडीच्या उंबऱ्यालाच अडलं. शेवटी तीच टॉर्च घेऊन आत शिरली. दोन पाय बाहेर, बाकी सगळी गाडीत. मास्तरांना वाटलं, उंदरानं वायर कुरतडली असणार. तसं ते गेले दोन महिने गॅरेजवाल्याला, रस्त्यातल्या खड्ड्यांना आणि उंदरांना आळीपाळीनं दोष देत होतेच.

"अहो," आतून आवाज आला, "इथे हातशिलाई आहे."

"कसली?"

"बारीक टाका, दुहेरी दोरा, शेवटी उलटी गाठ. ही गाठ या गावात एकच माणूस मारतो."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिवा लागण्याआधी दोनच दिवस त्यांनी सीटला नवं कव्हर चढवलं होतं, स्वतः शिवलेलं, कडेनं गोट लावलेलं. तेव्हा सीटखाली वायरींचा झोळ लोंबताना दिसला. टापटिपीचा माणूस, लोंबतं कसं बघवेल? त्यांनी तो झोळ कव्हरच्या पट्टीला घट्ट टाचून टाकला. मग बायकोनं गुडघ्यासाठी सीट मागे सरकवली, वायर ताणली गेली आणि पिवळा प्लग आपल्या जागेतून अर्धा बाहेर आला.

"गिऱ्हाइकाला तासभर व्याख्यान देता," ती बाहेर येत म्हणाली, केसांत धूळ, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत. "शिवणीत माया ठेवा, दोन बोटं जास्तीचं कापड तरी ठेवा. आणि इथे?"

मास्तरांनी उसवायची सुई तिच्या हातात दिली. तिनं टाके उसवले, प्लग टक् आवाज होईपर्यंत आत दाबला आणि वायरींचा झोळ होता तसा सैल सोडला. मग तिनं पुस्तकातलं पुढचं पान मोठ्यांदा वाचलं: पिशवी सीटच्या कुशीतून बाहेर येते, म्हणून तिच्यावर बंद कव्हर घालू नये. गोट लावलेलं सुंदर कव्हर मास्तरांनी हळहळत उतरवलं.

बॅटरी जोडली. तिनं बाहेरूनच हुकूम सोडला की कुणीही सीटवर वाकायचं नाही. स्कॅनरवरून बिघाडाची जुनी नोंद पुसली. मास्तरांनी चावी फिरवली. लाल माणूस चेंडूसकट उजळला. सगळं ठीक असेल तर तो काही सेकंदांत विझतो, असं पुस्तकात होतं. ती खिडकीतून आकडे मोजत होती. पाचवर तिचा आवाज बारीक झाला. सहावर दिवा विझला.

मास्तरांनी तीन वेळा चावी बंद-चालू करून बघितली. तीनही वेळा विझला. मग ते उतरले, पलीकडे गेले, पुढचं दार उघडून धरलं आणि थेट गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, "बसून बघा, कुठे आवळतंय का."

ती बसली. सीट पार मागे ढकलली. दिवा लागला नाही.

रविवारी ती चार तास पुढे बसून गेली, वाटेत मास्तरांना प्रत्येक वळण आधी सांगत. मास्तरांनी नातीला उचललं तेव्हा नातीनं टेप ओढला, आणि ते बघायला शेजारी बायको होती. मोजे तिनंच घेतले होते.

मंगळवारी ट्रायलला निघताना पुतळा पुन्हा मागे आडवा झाला, यावेळी उतरवलेलं सीटकव्हर पांघरून. दुकानाच्या दारातून वहिनींनी बघितलं आणि गल्लीत निरोप गेला: बायकोनं जागा परत मिळवली, आणि त्या दुसरीनं अंथरूण धरलंय.

खरं एवढंच होतं. बायको मागे बसायची ती एअरबॅगचा दिवा लागला होता म्हणून. पुढे बसायचा तो पुतळा होता, आणि मास्तरांनी तो लग्नाच्या वर्षी बायकोच्या मापानं बनवला होता.