कडूबाच्या नावचं गवत

पिशोरचा कडूबा आधी शेळ्या राखायचा. साठ साली तो शहरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा शिपाई म्हणून लागला. गावाच्या मते सरकारी गवत कापायला लागला. रानातून झाडंझुडपं आणायची, रद्दीत दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि खाली इंग्रजी चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि गोळा करणाराचं नाव. गोळा करणारे सगळीकडे एकच, विभागप्रमुख तात्यासाहेब. गुडघेदुखीमुळं ते कॉलेजच्या फाटकापलीकडं फारसे जात नसत. तरी त्यांनी चार हजार वनस्पती गोळा केल्या. विद्वत्तेपुढं गुडघ्याचं काय चालतं!

अठरा वर्षं चिठ्ठ्या लावून कडूबाला इंग्रजी अक्षरं लागायला लागली होती. एका तरी चिठ्ठीवर आपलं नाव असावं, एवढंच त्याला वाटे. तोंड उघडायची मात्र छाती होत नसे. बायको आवडाबाई विचारायची, "एवढं रान तुडवता, नाव कुठंय तुमचं?"

एकदा पडेगावच्या माळावरून त्यानं बुटकं गवत आणलं. तात्यासाहेब हरखले. नवी जात!

"साहेब, पवना हाय ह्यो," कडूबा म्हणाला. "शेरडांनी खाल्ला की फुटवा असाच बुटका येतो."

"शास्त्र शेरडांना विचारून चालत नाही, कडूबा," असं म्हणून तात्यासाहेबांनी त्या गवताला चक्क स्वतःचं नाव दिलं. पेढे वाटले. कडूबालाही दोन मिळाले.

वर्षभरानं पुण्याहून एक तज्ज्ञ बाई आल्या. भिंगातून बघून म्हणाल्या, "हा तर साधा पवना. जनावरांनी खाऊन पुन्हा फुटलेला. नवी जात म्हणून कुणी नोंदवला?"

तात्यासाहेबांनी कडूबाकडं बोट केलं. "आमचा शिपाई. जरा हौशी आहे."

त्याच दुपारी नवी चिठ्ठी टाइप झाली. गोळा करणारा, कडूबा. ओळखणारा, कडूबा. ओळख चुकीची.

कडूबाला संताप आला, शरमही वाटली. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. शनिवारी त्यानं आवडाबाईला नवं लुगडं नेसायला लावून कॉलेजात आणलं आणि कपाट उघडून तो कागद दाखवला. तिनं अक्षरांवरून हलक्या हातानं बोट फिरवलं.

"हे तुमचं नाव व्हय?"

"व्हय. दोनदा हाय."

"आन त्याच्या खाली काय लिवलंय?"

कडूबानं कागद आत ठेवून कपाट लावलं.

"साहेबांची सही हाय," तो म्हणाला.