कामाचा हात

नवऱ्याचा कामाचा हात कोणता, हे मी एकदा डॉक्टरांना साफ चुकीचं सांगितलं. तेही बायपासच्या आदल्या दिवशी. साठीला टेकलेली बाई, पण बोलून झाल्यावर विचार करायची खोड काही गेली नव्हती.

पनवेलच्या त्या हॉस्पिटलातले तरुण सर्जन मला समजावत होते. एक धमनी छातीतली घेणार, दुसरी हातातली, मनगटापासून कोपरापर्यंतची. "चिमट्यात दाबायची नाही, ओढायची नाही. भोवतीच्या चरबीसकट अलगद सोडवायची."

"म्हणजे कोळंबीचा दोरा काढतो तसं."

"काकू, तो तुम्ही फेकता. हा मला हृदयाला जोडायचाय. काकांचा कामाचा हात कोणता? तो सोडून दुसऱ्यातली घेऊ."

"उजवा," मी ठणकावलं. हे तेव्हा हृदयाच्या इको तपासणीला गेले होते.

खरं तर हे पक्के डावखुरे. पण सासूबाईंनी दटावून लिहिणं-जेवणं उजव्यावर आणलं, आणि मी नवी सून, सासूबाईंहून कडक. पंगतीत यांचा डावा हात ताटाकडे वळला की माझे डोळे मोठे व्हायचे. उजवे, उजवे म्हणता म्हणता मलाच ते खरं वाटू लागलेलं.

संध्याकाळी हे पलंगावरच्या टेबलावर औषधाच्या बाटलीचं झाकण टिचकीने उडवत बसले होते, कॅरमच्या सोंगटीसारखं. डाव्या बोटाने. त्याच हातातली धमनी घ्यायची म्हणून सिस्टरने त्यावर 'सुई टोचू नये' अशी पट्टी लावलेली. यांचा कॅरम म्हणजे यांचा जीव. एक चप्पल पायात, एक पलंगाखाली, अशी मी धावले आणि लिफ्टपाशी डॉक्टरांना गाठलं.

"डॉक्टर, हे डावखुरे आहेत."

"सकाळी तर उजवे होते."

"ते सासूबाईंसाठी."

ते हसत परत आले. उजव्या मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून यांना मूठ उघडझाप करायला लावली. तळवा पांढराफटक. मग एकाच धमनीवरचं बोट उचललं, आणि तळव्यावर भराभर लाली चढली. "चालेल. ही एकटी हात सांभाळेल. उजव्यातली घेतो."

मला इतका चेव चढला की मी सिस्टरचं आणि शेजारच्या पेशंटच्या मेहुण्याचंही मनगट दाबून पाहिलं.

ऑपरेशन छान झालं. वॉर्डात आल्यावर, उजवा हात बँडेजमध्ये, म्हणून यांनी डाव्या हाताने मऊ भाताचे घास घेतले. मी डोळे मोठे न करता भात कालवून देत होते. ताट रिकामं झालं तसे हे माझ्याकडे बघून म्हणाले,

"लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा तू मला डाव्या हाताने सुखाने जेवू दिलंस. तेवढ्यासाठी छाती उघडून घ्यावी लागली."