बाजूचा गिअर

ह्यांनी घेतलेला नवा ट्रॅक्टर आणायला गेलो, तेव्हा मी पूजेचं ताट घेऊन दुकानाच्या दारात उभी होते. आत एक बाई दुसऱ्याच ट्रॅक्टरवर चढून बसली होती. तिचा नवरा खालून विचारत होता, "कुठला गिअर घ्यायचा गं? मधला का बाजूचा?"

"मधला दांडा दोन पायांत येतो, साडी वर जाते. बाजूचाच घ्या."

दुकानदार हसला. "वहिनी चालवणार व्हय?"

"मग? नुसतं कुंकू लावायला आलेय का मी?"

मी ताट पदराखाली घेतलं.

तिची साडी माझ्यासारखीच साधी, हातही तसेच रापलेले. तरी मला तिचा एवढा हेवा वाटला, की तिच्याकडे नीट बघवेना. ट्रॅक्टर घेताना तिच्या साडीचा विचार होतो. मला इतक्या वर्षांत घरात विचारलं ते भाजीत मीठ कमी का पडलं, एवढंच.

ती खाली उतरली आणि आपुलकीनं म्हणाली, "ताई, तुमचा कुठला गिअर?"

"ह्यांना माहीत," मी म्हणाले.