गाडीत बसण्याच्या पाळ्या

माझे मामा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. जन्मभर सायकल चालवली, तीही बेताने. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांनी अठ्ठावीस वर्षांची एक आलिशान गाडी घेतली. गडद हिरवी, लांबलचक, आत अस्सल लेदरच्या सीटा. ही गाडी स्प्रिंगांवर नाही, हवेच्या फुग्यांवर उभी राहते. फुगे भरणारा पंप गेलेला, म्हणून ती दारात पोट टेकून बसली.

मिस्त्री आला, त्याने गाडीखाली वाकून पाहिलं.

"पंप बाहेरून मागवावा लागेल. तोवर सीटा जपा. कोणी बसलं नाही की लेदर तडकतं. अंगाची ऊब लागते त्याला."

"किती वेळ?" मामांनी विचारलं.

"रोज तासभर बसा की."

मिस्त्री बहुधा सहज बोलला असावा. मामांनी दुसऱ्या दिवशी फ्रिजवर पाळ्यांचा तक्ता लावला. सकाळी पुढच्या सीटवर मामी, दुपारी मागे मी, चार ते पाच मागेच आजोबा, म्हणजे मामींचे वडील. त्याच वेळी ड्रायव्हरच्या जागी स्वतः मामा, दुकानातून लवकर निघून. डोक्याला तेल असेल तर टॉवेल बांधायचा. आजोबा रोज बांधायचे.

"आपल्याला बसायला घर आहे," मामी म्हणाल्या. पण आठवड्याभरात त्या तिथे भाजी निवडायला लागल्या, मग बहिणीशी फोनवर बोलायला. काचा बंद केल्या की आत कसलाच आवाज येत नसे. आजोबा आणि मामा एरवी एकमेकांशी कामापुरतंच बोलत. गाडीत तोंडं दिसत नसल्यामुळे दोघं मोकळे झाले. एकदा फक्त आजोबा म्हणाले, "जावईबापू, आरशातून बघू नका. बोलताना अवघडायला होतं." पाहुणे आले की मामा त्यांना हॉलमध्ये टेकूच देत नसत. "मागची डावी रिकामी आहे, तिथे बसता का?"

सात महिन्यांनी पंप आला. मिस्त्रीने बटण दाबलं आणि गाडी सुस्कारा टाकत उठायला लागली. आत मामी मेथी निवडत होत्या.

"अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "मी वर चाललेय."

त्या दुपारी मामा पहिल्यांदा गाडी घेऊन बाहेर पडले. परत आले तेव्हा आजोबा टॉवेल बांधून फाटकात उभे.

"चार वाजून दहा झाले."

"चला बाबा, चक्कर मारून येऊ."

"मला कुठे जायचं नाही. मला बसायचंय."

तरी मामांनी नेलंच. दुसऱ्याच वळणावर आजोबांना मळमळलं. दुसऱ्या दिवशी मामींना नेलं, तर त्या रस्त्याच्या टोकाला उतरून चालत घरी आल्या. मिस्त्री म्हणाला, आता ही रोज फिरवलीच पाहिजे, नाहीतर पंप पुन्हा अडकेल.

मामांनी दोन दिवस विचार केला. मग ते रोज सकाळी एकटेच निघू लागले. उरलेल्या तिन्ही सीटांवर गरम पाण्याच्या पिशव्या, प्रत्येकीला पट्टा लावलेला.

एकदा चौकात वाहतूक पोलिसाने थांबवलं. वाकून आत पाहिलं. मामांनी लेदर, पंप, सासरे, सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग पोलिसाने खिडकीतून हात घालून मागची पिशवी चाचपली.

"ही गार झालीये," तो म्हणाला, आणि पुढे जा म्हणून खूण केली.