माझ्या बायोडाटातली खोडलेली ओळ

मालकानं माझा कागद दोन बोटांनी धरला आणि माझ्या हातात न देता बांधावर टाकला. कागदावर निळ्या पेनाच्या तीन रेघा होत्या. इतक्या दाबून ओढलेल्या, की एका जागी कागद फाटला होता.

"हे तू केलंस? रान माझं, पानी माझं, बी कंपनीचं. तू काय केलंस? मजुरी केलीस. मजुरीला काम म्हनत न्हाईत."

मी वाकले आणि कागद उचलला. वाकले. ते अजून पाठीत आहे.

आदल्या दिवशी मी तो कागद त्यांच्याकडं दिला होता. नोकरीच्या अर्जाला दाखला हवा होता, ज्यांच्याकडं काम केलं त्यांच्या सहीचा. "ठेव, वाचून बघतो, उद्या ये," म्हणाले होते. वाचून त्यांनी एक ओळ खोडली होती आणि खाली आपल्या हातानं लिहिलं होतं, 'सदर मुलगी आमच्या शेतात मजूर होती. वागणूक बरी.' आणि वर कोपऱ्यात, जिथं मी काहीच लिहिलं नव्हतं, तिथं माझी जात लिहिली होती.

आमचं गाव नेकनूरच्या अलीकडं. वस्ती गावाच्या बाहेर, कुठं ते सांगायला नको. ती वर्षं कंपन्यांची होती. फाट्यावर फोनची पिवळी टपरी आली, दुकानात पुड्यांमधला शाम्पू लटकायला लागला आणि मालकाच्या रानात कंपनीच्या कपाशीचा बियाण्याचा प्लॉट आला. मी दहावी पास होऊन घरी बसले होते. माय त्या प्लॉटवर जायची, तिच्या मागं मीही जायला लागले.

बियाण्याच्या कपाशीचं काम बोटांचं असतं. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी शोधायची, नखानं तिचे पिवळे केसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्याचे पराग तिच्यावर लावायचे आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा म्हणजे खूण, हे फूल हातानं फळवलंय. आम्ही बावीस बाया होतो. दोरा सगळ्यांचा एकच, पांढरा, मालकानं दिलेला.

पहिल्याच हंगामात बोंडं गळायला लागली. दहा फुलं फळवली तर पाच धरायची, पाच गळायची. कंपनीचे तपासणीचे साहेब आले, मान हलवून गेले. प्लॉट नापास होणार, असं गावभर झालं. मालक बांधावर उभे राहून बायांना बोलायचे आणि त्यांची नजर दरवेळी माझ्या मायवरच जाऊन थांबायची. ती वयानं मोठी, वस्तीतली, तिच्या वाट्याला शेवटच्या ओळीच जास्त.

"ही हात चोरती. हिच्याच ओळी गळत्यात. उद्यापासून येऊ नको."

माय घरी येऊन हात धूत बसली. कितीतरी वेळ धूत होती. मला म्हणाली, "म्या हात न्हाई गं चोरले." मी तिची लेक. मला तरी ते सांगायची गरज नव्हती, पण तिला वाटली.

त्या संध्याकाळी मी बायांना म्हणाले, मालकाचा दोरा नको. उद्या प्रत्येकीनं आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाचा दोरा काढून आणायचा. एकीनं विचारलं, "कावून बाई, लुगडी कावून उसवायची?" मी म्हणाले, कुणाचं फूल धरतं आणि कुणाचं गळतं ते दिसू दे. बाया हसल्या, पण दुसऱ्या दिवशी बावीस रंग आले. मायचा डाळिंबी. मी मालकाच्या हातापाया पडून तिला आठ दिवस मागून घेतले होते.

आठ दिवसांनी मी ओळीओळीनं हिंडले. मायचेच दोरे जास्त गळलेले होते. मग मी परत सगळं रान हिंडले, आणि मला दिसलं की शेवटच्या ओळींत सगळ्यांचेच गळलेत. मायनं पुढच्या ओळींत सकाळी लवकर बांधलेले थोडके दोरे एकूण एक धरलेले होते. शेवटच्या ओळींपर्यंत पोचेपर्यंत ऊन चढायचं, पराग वाळून जायचे. दोष हाताचा नव्हता, वेळेचा होता. मी ओळी फिरवल्या. पहिल्यांदा लांबच्या, मग जवळच्या, आणि ऊन तापायच्या आत काम बंद. पुढच्या पंधरवड्यात दहातली आठ धरायला लागली. प्लॉट पास झाला.

मायनं ते बघितलं नाही. दसऱ्याच्या आधी तापानं गेली. जाताना तिच्या अंगावर तो शब्द तसाच होता, हात चोरती. कुणी मागं घेतला नाही.

दुसऱ्या वर्षी कंपनीला प्लॉटवर देखरेखीसाठी माणसं हवी होती. दहावी पास चालेल, बाई चालेल. मी आठवड्यातून तीन दिवस एसटीनं बीडला टायपिंगच्या क्लासला जायचे. फी द्यायला नव्हती, म्हणून सर माझ्याकडून गिऱ्हाइकांचं टायपिंग करून घ्यायचे. बायोडाटा म्हटला की आमच्याकडं एकच नमुना होता. लग्नाला तोच, नोकरीला तोच. उंची, रंग, जात, मामाचं गाव. मीही माझा तसाच केला. रंग निमगोरा लिहिला, तेवढंच एक खोटं.

तपासणीच्या साहेबांनी तो बघितला आणि त्यांना हसू आवरेना. मग नीट बोलले.

"बाई, कंपनीला तुमचं लगीन लावायचं न्हाई. रंग काढा, जात काढा, मामा काढा. आन् 'प्लॉटवर कामाला होते' असलं लिहू नका, कामाला तर समदेच असतेत. काय अडलं होतं, तुमी काय केलं, त्यानं काय झालं, एवढं लिहा. आकड्यात लिहा. लाजू नका."

दोन दिवस मी ती एक ओळ लिहीत होते. लाज वाटायची. आपण केलं असं म्हणायची आमच्यात सवयच नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, झालं बा, देवानं केलं, मालकानं केलं. शेवटी लिहिलं : 'प्लॉटवर दहातली पाचच बोंडं धरत होती. मी बावीस बायांना जिच्या तिच्या लुगड्याचे रंगीत दोरे बांधायला लावून कारण शोधलं, ओळींचा क्रम बदलला. दहातली आठ बोंडं धरली, प्लॉट पास झाला.' मशीनवर बडवताना मला वाटलं, माय शेजारी बसून बघतीय. त्या ओळीत तिचं नाव नव्हतं. पण तिच्यावरचा आळ त्या ओळीनं उतरत होता.

मालकानं खोडली ती हीच ओळ.

तिसऱ्या दिवशी क्लासात सरांनी माझ्यापुढं एक हातानं लिहिलेला कागद ठेवला. "हा आधी घे. आजच्या टपालात जायचाय. तुमच्याच गावच्या मालकाच्या पोराचा हाय." मी कागद चढवला. नाव, शिक्षण बी.कॉम., त्यात तो नापास झाला होता हे लिहिलेलं नव्हतं. मग पुढची ओळ आली. 'दहातली पाच बोंडं गळाली. बावीस मजूर बायांना रंगीत दोरे बांधण्याची पद्धत मी सुरू केली. दहातली आठ बोंडं धरली.'

माझी बोटं थांबली. सर म्हणाले, "काय झालं?"

मी म्हणाले, "काई न्हाई."

मग मी ते टाइप केलं. सगळं. एकही चूक न करता. पुढच्या हंगामाची मजुरी त्याच रानात होती, क्लास फुकट होता, आणि सर टपालाची वेळ बघत होते. कारणं खूप आहेत, पण टाइप मीच केलं. त्या मशीनचा 'ळ' ओळीच्या वर उडायचा. 'बोंडं गळाली' लिहिताना तो उडाला. अजूनही कुठं टाइपरायटर वाजला की मला तो ळ दिसतो आणि मायचे धुतलेले ओले हात दिसतात. मी कान झाकते. आवाज आतून येतो.

घरी येऊन मायची पत्र्याची पेटी उघडली. उसवलेलं लुगडं तसंच होतं. एका बाजूचा काठ गेलेला. ते मांडीवर घेऊन मी बसले आणि मला स्वतःची किळस आली. मालकानं मला बांधावर वाकवलं होतं. क्लासात मला कुणी वाकवलं नव्हतं.

मुलाखत बीडच्या एका लॉजच्या हॉलमध्ये होती. माझा कागद नव्यानं टाइप करता आला असता. मी केला नाही. खोडलेला, फाटलेला, कोपऱ्यात जात लिहिलेला, तोच नेला. टेबलामागं तिघं होते. त्यात एक आपले तपासणीचे साहेब. मला बघून ते ओळखीचं हसले. मधल्या मोठ्या साहेबांनी कागद वाचला, मग ढिगातून दुसरा काढून शेजारी ठेवला.

"हे दोन्ही एकाच मशीनचे आहेत. हा 'ळ' बघा. हा अर्ज टपालानं आधी आलाय. तुम्ही टायपिंग करता ना? हा तुम्हीच टाइप केलात?"

"हो," मी म्हणाले. खरं होतं ते.

"मग त्यातलं बघून आपल्यात घातलंत."

मी तपासणीच्या साहेबांकडं बघितलं. त्यांनीच मला ओळ लिहायला शिकवली होती. त्यांनी ते दोरे आपल्या डोळ्यांनी बघितले होते. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मालकाचे चार प्लॉट कंपनीकडं होते. मी त्यांचा राग करायचा प्रयत्न केला, पण मला क्लासातली माझी बोटं आठवली.

मोठे साहेब वाईट बोलले नाहीत. उलट समजुतीनं म्हणाले, "चूक होते माणसाकडून. दोन ओळी माफीच्या लिहून द्या. बायांवर मुकादम म्हणून रोजानं घेऊ तुम्हाला. देखरेखीचं पद नाही, पण काम मिळेल." आणि कोरा कागद पुढं सरकवला. पेनही दिलं. निळंच.

मला काम हवं होतं. लई हवं होतं. पण मी माफी लिहिली असती तर ते फक्त माझ्यापुरतं राहिलं नसतं. दोरे खोटे झाले असते, आठ बोंडं खोटी झाली असती, आणि माय खरंच हात चोरणारी ठरली असती. मेल्यावर, माझ्या सहीनं.

मी पिशवीतून डाळिंबी दोरा काढून टेबलावर ठेवला.

"ह्यो माज्या मायच्या लुगड्याचा. बाकीचे एकवीस कुनाचे, कुठल्या रंगाचे, म्या नावानं सांगते. मग त्या पोराला बोलवा आन् त्याला इचारा. त्याला एक जरी सांगता आला, तर म्या माफी लिहिते."

"ते इथं नको," मोठे साहेब म्हणाले.

"मग माफी बी न्हाई."

मी माझा कागद उचलला. या वेळी वाकावं लागलं नाही, टेबल उंच होतं. दोराही उचलला. नोकरी त्या पोराला लागली. पुढच्या हंगामात तो मोटारसायकलवरून प्लॉट बघायला आला. मी त्या रानात नव्हते, परत कधी गेलेही नाही.

आता माझं स्वतःचं मशीन आहे, फाट्यावर, फोनच्या टपरीशेजारी. त्याचा ळ सरळ उठतो, तरी मी दरवेळी बघते. पोरं येतात, बाया येतात, म्हणतात, "काई केलं न्हाई वं बाई, नुसती मजुरी केली." मी त्यांना बसवते आणि विचारते, काय अडलं होतं, तू काय केलंस, त्यानं काय झालं. सांगेपर्यंत उठू देत नाही.

आणि मोठ्या घरचा कुणी आला, की कागद चढवायच्या आधी त्यालाही तेच विचारते, कसं केलं ते सांग. सांगता आलं नाही तर कागद परत देते. तीन वेळा दिलाय. एकदा मशीन उलथून टाकायची धमकी आली, तरी दिलाय. एकदा माझ्या बोटांनी चोरी लिहिली. परत लिहिणार नाहीत.

खोडलेला कागद मशीनच्या वर लावलाय, फाटलेला, जातीसकट. येणाऱ्यानं आधी तो वाचायचा. मालकाच्या माणसांनीसुद्धा.