साडूंचं एक मत

उशिरा येणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण उशिरा येणं ही एक राजनीती आहे आणि जो सगळ्यात शेवटी येतो तोच जिंकतो, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, माझी धाकटी. त्यामुळे वयानं आणि नात्यानं ते वडीलधारे. मी त्यांना अहो-जाहो करायचो आणि ते मला नुसतं 'डॉक्टर' म्हणायचे. मी हॉस्पिटलात दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा माणूस. माझ्याशी कुणी बोलत नाही आणि मीही कुणाशी बोलत नाही, असा तो धंदा. साडू लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पंख्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि माझ्या वाटचं बोलणंही तेच उरकून टाकत.

लग्नाला ते शेवटच्या मंगलाष्टकाला पोचत. अक्षता बाकीच्यांनी टाकून झालेल्या असल्यामुळे यांच्या तेवढ्या नवरदेवाच्या नेमक्या नाकावर बसत. पंगतीला ते सगळ्यात शेवटी जात, कारण पहिल्यांना गार पुऱ्या मिळतात आणि शेवटच्याला तळणारी बाई दमून, हात सैल सोडून वाढते, असं त्यांचं निरीक्षण होतं. पत्त्यांच्या डावात ते मध्येच येऊन बसत, आणि चिडून उठलेल्या एखाद्याचे पत्ते उचलून जिंकत. पण त्यांचं खरं दर्शन घ्यायचं तर M4 मोटरवेवर घ्यावं. पुढे रस्त्याची एक लेन बंद आहे अशी पाटी दिसली की इंग्रज माणूस मैलभर आधीच निमूटपणे चालू लेनमध्ये शिरून रांग लावतो. ती रिकामी झालेली लेन जणू आपल्यासाठीच धुऊन पुसून ठेवली आहे, अशा थाटात साडू लेन अडवणाऱ्या शेवटच्या प्लॅस्टिकच्या शंकूपर्यंत गाडी नेत, आणि तिथे हात दाखवून रांगेत शिरत. शेजारच्या गाड्यांतले चेहरे बघवत नसत. मी सीटवरून घसरत घसरत इतका खाली जायचो की बाहेरच्यांना साडू एकटेच दिसत. "डॉक्टर, सरळ बसा," ते म्हणायचे. "आपण चोरी करत नाही आहोत. आपण लेट एन्ट्री घेतोय."

या तत्त्वज्ञानाची गंगोत्री अमेरिकेत होती. अमेरिकेत त्यांचं कुणी नव्हतं आणि ते स्वतः तिथे कधी गेले नव्हते. पण दर चार वर्षांनी तिथल्या पक्षांच्या प्रायमरी, म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुका, सुरू झाल्या की साडूंच्या घरी घरचं कार्य निघाल्यासारखी गडबड उडे. लायब्ररीतून जुनी साप्ताहिकं येत, जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला जाई आणि ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, नकाशातल्या आयोवा राज्यावर वरणाचं पातेलं ठेवायची बंदी होई. अध्यक्षपदाच्या शर्यतीत सुरुवातीपासून धावणाऱ्यांबद्दल त्यांना फक्त कीव असे. त्यांचा सगळा जीव अजून उभा न राहिलेल्या माणसात. चौऱ्याऐंशीला, अठ्ठ्याऐंशीला, ब्याण्णवला, प्रत्येक वेळी त्यांच्याकडे असा एक गव्हर्नर असायचाच, जो घरी शांत बसला आहे आणि बाकीचे भांडून रक्तबंबाळ झाले की आंघोळ करून, ताजा शर्ट घालून मैदानात उतरणार आहे. तो कधीच उतरला नाही. "अजून वेळ आहे," साडू म्हणत. हे ते पक्षाचा उमेदवार जाहीर झाल्यावरही महिनाभर म्हणत.

आणि पुरावा मागितला तर ते स्वयंपाकघराकडे बोट दाखवत. ताईंचं लग्न एका बँकेतल्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं, याद्या व्हायच्या तेवढ्या बाकी होत्या. तेवढ्यात हे इंग्लंडहून तीन आठवड्यांच्या रजेवर आले आणि शेवटच्या आठवड्यात मुलगी बघायला गेले. "तो बिचारा सहा महिने प्रचार करत होता," साडू सांगायचे. आतून ताईंचा आवाज यायचा की त्या बँकवाल्याला वरण कुठे ठेवायचं ते तरी कळलं असतं.

तर अशा माणसानं कधीतरी स्वतः उभं राहावं हे विधिलिखितच होतं. नव्वदनंतरची गोष्ट. आमच्या वॉर्डातले म्हातारे कौन्सिलर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाच्या सभासदांनी मतदानानं ठरवायचं होतं. इच्छुक दोन होते. एक मिस थॉर्न. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, आमच्या मुलीला वाचायला त्यांनीच शिकवलेलं. दुसरे संधू. बस चालवायचे, युनियनचे पुढारी, आवाज असा की माइक दिला तर अपमान वाटावा. दोघंही तीन महिने घरोघर चहा पीत फिरत होते आणि एकमेकांचं तोंड बघत नव्हते. सभेला दोन दिवस उरले असताना साडू माझ्याकडे आले आणि म्हणाले, "डॉक्टर, मी उभा राहतोय. माझं नाव तुम्ही सुचवा."

सभा सुरू होईपर्यंत नाव देता येतं, फक्त सुचवणारा आणि अनुमोदन देणारा हवा, हा नियम त्यांनी शोधून काढला होता. अनुमोदनाला दातांचे डॉक्टर जोगळेकर तयार होते. साडूंनी कागद काढून गणित मांडलं आणि ते गणित, आज सांगतो, बिनचूक होतं. सभेला साधारण तीस माणसं येतात. त्यात आपली मराठी अकरा. ही अकरा माणसं पक्षात आणली होती साडूंनीच, एका संक्रांतीला. ताईंच्या हळदीकुंकवात वाण म्हणून स्टीलच्या वाट्या होत्या आणि प्रत्येक वाटीत यांनी सभासदत्वाचे दोन-दोन फॉर्म घडी करून ठेवले होते. लुटलेलं वाण परत कसं करायचं, म्हणून सगळ्यांनी भरून दिले. उरलेले एकोणीस लोक थॉर्न आणि संधू यांच्यात फाटलेले, म्हणजे नऊ नि दहा. आपले अकरा, म्हणजे पहिल्या फेरीत आपणच पुढे. मग ज्याला सगळ्यात कमी मतं तो बाद, आणि त्याची माणसं जळफळाटानं दुसऱ्याला न देता आपल्याला देणार. "एकच फेरी तगायचंय," साडू म्हणाले. "मग मी आत आहे."

मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही, हाच माझा रोग आहे आणि तो कुठल्याही काचपट्टीवर दिसत नाही. आणि हाच रोग मला आधीच नडलेला होता. महिनाभरापूर्वी मिस थॉर्न आमच्या दिवाणखान्यात बसल्या होत्या, मुलीची जुनी वही त्यांनी जपून ठेवली होती ती त्यांनी दाखवली, आणि मी त्यांनाही हो म्हणालो होतो.

सभा स्काऊट मुलांच्या हॉलमध्ये होती, ओल्या तंबूंचा वास येणाऱ्या. अध्यक्षस्थानी रेल्वेतले एक निवृत्त गृहस्थ आणि मतपेटी म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा. साडू सभेला चक्क वेळेवर आले. इथेच खरं म्हणजे मला पाल चुकचुकल्यासारखं व्हायला हवं होतं. नवा सूट घातलेला, मुद्दाम घेतलेला. भाषण मात्र सुंदर केलं. इंग्रजांना हसवलं, संधूंच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, मिस थॉर्ननी टिपणं घेतली. मी उठून नाव सुचवलं, तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. जोगळेकरांनी अनुमोदन दिलं. मग चिठ्ठ्या वाटल्या.

मी हातात पेन्सिल धरून बसलो आणि माझ्या डोक्यात एक अत्यंत सभ्य विचार आला. बाईंना आपण शब्द दिला आहे, तो पहिल्या फेरीत पाळावा. साडूंना बाकीचे आहेतच. दुसऱ्या फेरीपासून मरेपर्यंत साडू. मी मिस थॉर्नचं नाव लिहिलं आणि चिठ्ठीची घडी घातली.

अध्यक्षांनी डबा उपडा केला, मोजलं, पुन्हा मोजलं, चष्मा पुसला. मिस थॉर्न पंधरा. संधू चौदा. आमचे साडू, एक.

साडू बाद. दुसऱ्या फेरीत मिस थॉर्न निवडून आल्या, पण ते कुणाच्या लक्षात आहे. बाहेर कारपार्कमध्ये आमची मंडळी एकेक करून साडूंजवळ येत होती, श्राद्धाला आल्यासारखी. प्रत्येकाचं तेच. तीन महिन्यांत दारात आलेल्या कुणाला ना कुणाला प्रत्येकानं शब्द देऊन ठेवला होता, आणि तो मोडायचा कसा म्हणून पहिली फेरी तिथे आणि दुसरी साडूंना, असं प्रत्येकानं आपापलं ठरवलं होतं. अनुमोदन देणारे जोगळेकरसुद्धा. माझ्या बायकोनं संधूंना दिलं होतं, कारण एकदा पावसात त्यांनी स्टॉप सोडून बस आमच्या दारात थांबवली होती. असे आठ जण कबूल झाले. नववे कबूल झाले खुद्द साडू. "मीसुद्धा संधूलाच दिलं," ते म्हणाले. "उभं राहायचं ठरवायच्या आधी शब्द गेला होता माझा."

आता उरलो मी आणि ताई. ताईंनी सकाळीच सगळ्यांदेखत बजावलं होतं की मी मत देणार नाही, निवडून आलात तर गावचे ड्रेन तुंबल्याचे फोन मी घेत बसणार नाही. साडूंनी आमच्या दोघांकडे पाहिलं, जवळ आले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"डॉक्टर. तुम्ही होतात."

सगळे माझ्याकडे बघत होते. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी हसलो. मान हलवली की नाही, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

त्यानंतर सात वर्षं मी त्या एका मतावर जगलो. साडू माझी ओळख करून देत ती अशी: "हे माझे साडू. तीस माणसांत एक मर्द." बागेतला पहिला टोमॅटो माझ्याकडे यायचा. माझं सायटिकाचं दुखणं निघालं तेव्हा सहा आठवडे रोज सकाळी ते मला हॉस्पिटलला सोडायला आले. हा माणूस, जो स्वतःच्या मुंजीलाही उशिरा गेला असेल, तो रोज दहा मिनिटं आधी येऊन गाडीत बसून राहायचा. मी पडद्याआडून त्यांना बघायचो आणि बूट घालायला मुद्दाम वेळ लावायचो. पण याहून वाईट दुसरंच. चार माणसं जमली की ते ताईंना चिडवायचे. "बायकोनं नाही दिलं बरं का. साडूनं दिलं." लोक हसायचे. ताई पोळ्या लाटत राहायच्या. त्या मतपत्रिकेवर कुणाचा हात चालला होता हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं. त्या बोलत नव्हत्या, आणि मीही नाही.

साडूंची बायपास झाली, त्यानंतर मला राहवेना. एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. बागेकडच्या काचेच्या खोलीत ते बसले होते, छातीशी उशी धरून, कारण हसलं किंवा खोकलं की टाके ओढत. पुढच्या प्रायमरीला अजून दोनेक वर्षं होती, पण गव्हर्नर मुक्रर झाला होता. त्याचं वय, त्याचं राज्य, तो किती शांत बसला आहे, सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणालो, "एक सांगायचंय. ते मत माझं नव्हतं. मी थॉर्नबाईंना दिलं. ते ताईंचं होतं."

 त्यांनी उशी घट्ट धरली आणि ते हसायला लागले.

"काय माणूस आहात हो तुम्ही. हिला मी चिडवतो ते तुम्हाला बघवत नाही, म्हणून स्वतःचं मत तिला देऊन टाकताय?"

मी शपथ घेतली. जितका अजीजीनं सांगू लागलो तितका त्यांच्या नजरेत मी मोठा होत गेलो. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते टाक्यांमुळे नव्हतं. ताई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे अशी एक नजर टाकली की मी बोलायचा थांबलो. त्या दिवसापासून साडूंनी ताईंना चिडवणं मात्र बंद केलं. तेवढंच माझ्या पदरात पडलं.

वर्षभरानं ते गेले. त्यांचे कपडे कुठे द्यायचे ते ठरवायला ताईंनी आम्हाला बोलावलं होतं. माझी बायको वरच्या मजल्यावर कपाट आवरत होती आणि आम्ही दोघं खाली होतो, तेव्हा ताई आपणहून म्हणाल्या, "तुम्ही त्या रविवारी गेल्यावर त्यांनी मला विचारलं. खरं का गं, म्हणून. मी म्हटलं, काहीतरीच. डॉक्टर आपले भिडस्त, बोलतात झालं."

मी विचारलं, असं का केलंत.

"बायकोचं मत कुणी मोजतं का हो? ते घरचंच. बाहेरच्या एका माणसाला आपण हवे होतो, म्हणून ते खुशीत होते. ते मी काढून घ्यायचं, आणि कशासाठी?"

 मी नको तेच विचारलं. सकाळी तर देणार नाही म्हणाला होतात, मग दिलंत कसं?

ताईंनी मांडीवरच्या कोटाची बाही सरळ केली. "तुम्ही सगळे देणारच होतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी देणारच नव्हते, खरंच नव्हते. पण ते भाषण करून आले आणि शेजारी बसले, तर हात थरथरत होते. कधी नाही ते. मला वाटलं, आणि चुकून कुणीच नाही दिलं तर?"